बर्फात जाताना सोबती पारखून घ्या



जानेवारी आला की आपल्याकडे बऱ्याच घरांत स्कीच्या बॅगा माळ्यावरून खाली येतात. हल्ली आपल्या तरुण मंडळींना रिझॉर्टचे आखीव उतार पुरत नाहीत. त्यांना दोरीपलीकडचा कोरा बर्फ, म्हणजे बॅककंट्री, खुणावतो. तिथे ना गस्त, ना खुणांचे खांब. हिमस्खलनात गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची आशा चांगली असते; अर्ध्या तासानंतर ती फारच थोडी उरते. बचाव पथक इतक्या लवकर पोहोचणे कठीण. वाचवणार तो बरोबरचा सोबतीच!

नुसते कौशल्य पाहून सोबती निवडू नये. जानेवारी २०२३ मध्ये हाकुबा-नोरिकुरा डोंगरावर हिमस्खलनात काइल स्मेन गेला. तो २०१५ चा हाफपाइप विश्वविजेता होता.

माझा अनुभव सांगतो. एकदा आम्ही ऑफिसातले सहाजण गेलो होतो. एका उताराच्या तोंडाशी माझ्या पोटात गोळा आला. पण सगळ्यांचा विरस नको म्हणून गप्प बसलो. सुदैवाने काही झाले नाही. परतीच्या गाडीत कळले, आणखी दोघांनाही तो उतार नको होता! सहांपैकी तिघांना नको, आणि बोलले कोणीच नाही.

तेव्हापासून मी आधी विचारतो, "मागे कधी अर्ध्यातून परत फिरलात?" ज्याच्याकडे अशी गोष्ट नाही, त्याच्याबरोबर मी जात नाही. दुसरे, बीकन, फावडे आणि प्रोब प्रत्येकाकडे हवे. या मोसमात बीकन शोधण्याचा सराव केलाय का, हेही विचारावे. तिसरे, तिघे-चौघेच बरे, आणि सर्वांना कळेल अशी एक भाषा हवी. चौथे, निसेकोत गेटमधूनच बाहेर पडायचे आणि गेट बंद असेल तर जायचे नाही, असा नियम आहे. तो ज्याला जाच वाटतो, त्याला दुरूनच नमस्कार!

हरिश्चंद्रगडावर वाटाड्या "आज नको" म्हणाला की आपण मुकाट्याने मागे फिरायचो. तसे म्हणणारा एक तरी गटात असावा, आणि बाकीच्यांनी त्याचे ऐकावे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे बर्फातही खरेच आहे.

घरच्यांनो, निघण्यापूर्वी 'तोझान-तोदोके'ची, म्हणजे डोंगरात जाण्याच्या नोंदपत्राची, एक प्रत आणि सोबत्यांचे फोन नंबर फ्रिजवर लावून घ्या. परतायची वेळ टळून गेली आणि फोन लागत नसेल, तर संकोच न करता ११० फिरवा.