बॉस, आज तू अस्वल!

तेच हॉटेल, तोच पिक्चर, ऑफिसचं तेच गॉसिप... वीकएण्डला काहीतरी हटके हवंय? चार टाळकी, दोन-तीन फासे आणि थोडा बिनधास्तपणा एवढ्यावर भागणारे हे गेम्स ट्राय करून बघा.

शनिवारी संध्याकाळी ग्रुप जमतो. पहिली वीस मिनिटं ‘काय मग, काय विशेष?’मध्ये जातात. पुढची वीस काय मागवायचं यात. मग कुणाच्या तरी मॅनेजरला यथेच्छ शिव्या घालून होतात आणि नऊच्या सुमाराला बघावं तर सहा जण सहा मोबाइलमध्ये. भांडण वगैरे काही नसतं. फक्त बोलण्यासारखं सगळं बोलून झालेलं असतं आणि जे खरंच बोलायचं असतं ते कुणी काढत नाही.

आमच्या ग्रुपला यावर सापडलेला उपाय म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम्स. नाव भारदस्त आहे, पण फंडा एकदम साधा. लहानपणी चोर-पोलीस खेळलात ना? किंवा भातुकली? तेच. फक्त आता टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचं. आणि ‘मी तुला पकडलं’, ‘छे, मी आधीच पळालो’ या वादाचा निकाल फासा लावतो. पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि खरी गंमत तीच.

यातला दादा गेम म्हणजे १९७४मध्ये अमेरिकेत आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात बसून खेळतात तोच. भारीच आहे. पण जाडजूड पुस्तकं, महिनोन्‌महिने चालणारी मोहीम आणि सगळ्यांसाठी तयारी करून येणारा एक बिच्चारा डंजन मास्टर... आठवडाभर डेडलाइन्स सांभाळून शनिवारीही होमवर्क? सोडा. आपल्यासाठी बेस्ट म्हणजे इंडी गेम्स. बड्या कंपन्यांच्या बाहेर, एकट्यादुकट्या डिझायनरने किंवा छोट्या टीमने बनवलेले. बरेचसे एका बैठकीत संपतात. नियम इंग्लिशमध्ये असतात, पण बोलायला कोण अडवतंय? आमच्याकडचे अंतराळवीर अस्सल पुणेरीत टोमणे मारतात.

सुरुवात ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ने करा. जॉन हार्परने २०१३मध्ये काढलेला हा गेम अख्खा एका पानावर मावतो आणि फुकट मिळतो. तुम्ही एका अंतराळयानाचे कर्मचारी, आणि तुमचा कॅप्टन कामातून गेलेला. प्रत्येकाने २ ते ५मधला एकच आकडा निवडायचा. डोक्याचं, यंत्राचं काम असेल तर फासा त्या आकड्याच्या खाली पडायला हवा. मनाचं, गोड बोलण्याचं काम असेल तर वर. म्हणजे एकात हुशार झालात की दुसऱ्यात ढ. आमच्या ग्रुपमधल्या सीएने ५ घेतला आणि परग्रहावरच्या राजदूताशी वाटाघाटी करायची वेळ नेमकी त्याच्यावर आली. पुढचं विचारू नका. गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार इथे लागतो, पण त्यालाही दहा मिनिटांत पान वाचून बसता येतं.

असाच एका पानाचा दुसरा गेम म्हणजे ग्रँट हॉविटचा ‘हनी हाइस्ट’ (२०१७). तुम्ही सगळे अस्वलं आहात आणि मधाच्या भल्या मोठ्या प्रदर्शनावर दरोडा घालायचाय. प्रत्येकाकडे दोनच गुण, अस्वलपणा आणि गुन्हेगारी. प्लॅन फसला की अस्वलपणा वाढतो, जमला की गुन्हेगारी. अस्वलपणा ६ झाला की तुम्ही पिसाळलात, गुन्हेगारी ६ झाली की दोस्तांना दगा देऊन मोकळे. शिवाय कोणतं अस्वल कोणती टोपी घालणार तेही फासाच ठरवतो. ऑफिसमध्ये अतिशय सिरियस असणारा माणूस टोपी घातलेलं अस्वल म्हणून कसा वागतो, हे एकदा बघाच.

सूत्रधाराचीही कटकट नको असेल तर जेसन मॉर्निंगस्टारचा ‘फियास्को’ (२००९). कोएन बंधूंच्या ‘फार्गो’सारख्या सिनेमांवरून सुचलेला. मोठी स्वप्नं, बेताची अक्कल आणि तीन ते पाच खेळाडू. ज्यांना ‘अशी ही बनवाबनवी’ पाठ आहे त्यांना याचा फंडा समजवावाच लागत नाही. एक थाप लपवायला दुसरी, दुसरीसाठी तिसरी... फरक इतकाच की इथे शेवट बहुधा गोड होत नाही. पहिल्या आवृत्तीला प्रत्येकी चार फासे लागायचे, नव्या आवृत्तीत पत्ते आहेत. ज्यांना आपलं पात्र जिंकलंच पाहिजे असं वाटतं त्यांना हा गेम पचत नाही. पात्राची वाट लागताना खो खो हसणारी मंडळी हवीत.

आणि पावसाळ्यात लाइट गेली असेल तर ‘ड्रेड’. २००५चा हा भुताटकीचा गेम फाशांऐवजी जेंगाच्या मनोऱ्यावर चालतो. काही अवघड करायचं तर एक ठोकळा ओढा. मनोरा कोसळला, तुमचं पात्र खलास! टेबल मात्र डुगडुगणारं नको.

आता माझा सगळ्यात लाडका, ‘द क्वायट इयर’. कॅनडातल्या एव्हरी ऑल्डरने २०१३मध्ये बाहेर आणलेला. दोन ते चार खेळाडू, एक कोरा कागद, पत्त्यांचा कॅट आणि थोडे फासे. मोठ्या लढाईतून वाचलेली एक वस्ती, तिच्या हाताशी शांततेचं एक वर्ष. बावन्न पत्ते म्हणजे बावन्न आठवडे, बदाम वसंत आणि इस्पिक हिवाळा. दर आठवड्याला एक पत्ता उघडायचा, काही घडवायचं आणि ते नकाशावर काढायचं. चित्रकला यायची गरज नाही, आमची विहीर इडलीसारखी दिसते. इस्पिकचा राजा निघाला की गेम तिथल्या तिथे संपतो, अर्धवट पूल अर्धवटच राहतो.

यात कुणाचं एक असं पात्र नसतं, सगळे मिळून वस्ती. आपल्या पाळीला तुम्ही काहीतरी नवं शोधू शकता, काम सुरू करू शकता किंवा चर्चा बोलावू शकता. चर्चेत प्रत्येकाने एकदाच बोलायचं, तेही एक-दोन वाक्यांत. आणि चर्चेअंती निर्णय होत नाही! ज्याची पाळी येईल तो हवं ते करतो. हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्यांना हे फारच ओळखीचं वाटेल. मग ज्याला वाटेल की आपल्याला विचारलंच नाही, त्याने गुपचूप एक टोकन उचलून समोर ठेवायचं. गेममध्ये त्याचं नाव ‘कंटेम्प्ट’. आपण त्याला सरळ ‘खटका’ म्हणू.

आम्ही टोकन म्हणून चिंचोके घेतले होते. आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगी आहे, कुठे जायचं, काय खायचं, कुठलंही विचारा, तिचं उत्तर ठरलेलं: ‘चालेल.’ कोकणात की महाबळेश्वरला? चालेल. शरद ऋतूपर्यंत तिच्यासमोर सात चिंचोके जमले. बाकी तिघांचे मिळून दोन. वस्तीतलं पाणी कुणाला द्यायचं यावरून आमचा एक दोस्त नेहमीच्या सवयीने भराभर बांधकामं काढत सुटला होता. त्याने समोर बघितलं आणि विचारलं, ‘हे सगळे पाण्याचे?’ ती म्हणाली, ‘पहिले दोन पाण्याचे.’

हिवाळा आम्ही त्या दिवशी खेळलोच नाही. चहा झाला, मग परत चहा झाला. गेल्या डिसेंबरच्या ट्रिपपासून ती बोलली, आणि तो पहिल्यांदाच मध्ये न तोडता ऐकत होता. चार वर्षं एका ग्रुपमध्ये राहून जे निघालं नव्हतं ते सात चिंचोक्यांनी काढलं. दर वेळी असं होईल असं नाही. पण हा गेम खेळायचा तर हातात पूर्ण दुपार ठेवा, तीन-चार तास आरामात जातात.

इतकं खोलात जायचं नसेल, किंवा ग्रुप नवा असेल, तर ॲलेक्स रॉबर्ट्सचा ‘फॉर द क्वीन’ घ्या. २०१९मध्ये आला, २०२४मध्ये नव्या रूपात परत आला. फासे नाहीत, तयारी नाही, नियम पत्त्यांवरूनच मोठ्याने वाचायचे. युद्धात होरपळलेल्या देशाची राणी युती जुळवायला धोक्याच्या प्रवासाला निघालीय आणि सोबत तिने फक्त तुम्हाला घेतलंय, कारण तुमचं तिच्यावर प्रेम आहे. प्रत्येक पत्त्यावर एक प्रश्न. तिने तुमचं काय हिरावून घेतलं? तिच्यासाठी तुम्ही काय लपवलंय? अशा धर्तीचे. शेवटचा प्रश्न एकच: राणीवर हल्ला झालाय, तुम्ही तिला वाचवणार का? नोकरदार मंडळींना राणीच्या जागी कोण दिसायला लागतं हे सांगायला नकोच.

प्रश्न आवडला नाही तर पुढच्याकडे सरकवता येतो. आणि टेबलाच्या मधोमध एक ‘एक्स कार्ड’ असतं. ही आयडिया जॉन स्टाव्हरोपोलोस या गेमरची. विषय नकोसा झाला की त्यावर बोट ठेवायचं, तो विषय गोष्टीतून बाद. का, कशाला, असं विचारायचं नाही. आमच्याकडे एकदा एकाने ठेवलं. कुणी विचारलं नाही, पुढचा पत्ता उघडला. तेव्हापासून कुठलाही गेम असो, एका कोऱ्या कागदावर फुली मारून आम्ही मध्ये ठेवतोच. तुम्हीही ठेवा.

बाकी सामान घरातच असतं. ल्युडोचा फासा चालतो, रमीचा कॅट चालतो. पाचाच्या वर लोक असतील तर अस्वलं बरी, चार असतील तर नकाशा. फक्त पत्त्यांजवळ भेळ ठेवू नका. चिंचेची चटणी लागलेली राणी पुढच्या शनिवारपर्यंत पाकिटातून बाहेर यायला तयार होत नाही.