हरवलेले वस्तुमान

दुधातले कॅल्शियम तुम्हांला ठाऊक आहे. त्याच्या बहुतेक अणुकेंद्रकांत २० प्रोटॉन व २० न्यूट्रॉन असतात. हे ४० कण सुटे मोजले, तर त्यांचे वस्तुमान केंद्रकापेक्षा जास्त भरते! उरलेले गेले कुठे? कण एकत्र येताना ते ऊर्जारूपाने बाहेर पडले. म्हणून ही घट मोजली, की कणांची बांधणी किती घट्ट आहे ते समजते.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ३३ व ३४ न्यूट्रॉन असलेली कॅल्शियमची समस्थानिके अशीच मोजली गेली. ती सेकंदभरही टिकत नाहीत. तिथे तराजू कसला चालणार? त्यांचे आयन विद्युत आरशांमध्ये मागेपुढे धाववले. सारख्या ऊर्जेचा जड आयन हळू धावतो, त्यामुळे लागलेल्या वेळेवरून वस्तुमान कळले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ३२ न्यूट्रॉनांनंतरचे दोन न्यूट्रॉन सैल बसलेले आहेत, म्हणजे ३२ वर एक कवच पूर्ण भरते. नेहमीच्या कॅल्शियममध्ये हे दिसलेच नसते.