डेरा ते एआरटी केंद्र

सकाळी साडेसात. गोवंडीतला डेरा, गुरू-चेल्यांचं घर. सगळ्या मांगतीला, म्हणजे पैसे मागायला, निघायच्या आत गाठायला हवं, नंतर रात्रीपर्यंत कुणी सापडत नाही. मी स्वतः हिजडा, एचआयव्ही प्रकल्पात पिअर, म्हणजे समाजातलीच कार्यकर्ती, म्हणून काम करते. आधी गुरूंच्या पाया पडते. त्यांनी मान डोलावल्याशिवाय चेली दवाखान्याची पायरी चढत नाही.

एक चेली मला आडोशाला नेऊन एचआयव्हीच्या गोळ्यांची डबी दाखवते. लेबल खरवडून काढलंय, खुळखुळू नये म्हणून आत कापूस कोंबलाय. हिशोबाने नऊ गोळ्या उरायला हव्यात, निघतात चौदा. पाच रात्री चुकल्या. बधाईला, लग्न-बारशाला आशीर्वाद द्यायला, बाहेरगावी गेली होती, डबी इथेच राहिली. रागावून काय होणार? प्रवासासाठी सुट्या गोळ्यांची पुडी कशी बांधायची ते दाखवते.

साडेनऊ. एआरटी केंद्र, एचआयव्हीच्या उपचारांचं. पूर्वी इथे कार्डावरच्या जुन्या, पुरुषी नावाने पुकारा व्हायचा. भरल्या रांगेत त्या नावाला ओ कोण देणार? पोरी उठून निघून जायच्या आणि ‘उपचार सोडला’ अशी नोंद व्हायची. आम्ही भांडलो, तेव्हा टोकन नंबर आला. आत खोकला, ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम हे टीबीचे चार प्रश्न, मग व्हायरल लोडसाठी रक्त.

दुपारी रजिस्टर भरते.

तीन वाजता मेडिकल ऑफिसरांबरोबर बैठक. सरकारी एआरटी २००४ पासून मोफत आहे, दिवसाला एकच गोळी पुरते. पण ओपीडीचे तास तेच मांगतीचे तास. गोळी घ्यायला आलं की त्या दिवसाची कमाई बुडते. तब्येत स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात, मग आमच्या पोरींना का नाही? इतकी वर्षं आम्हाला नुसतं मोजलं, विचारलं नाही. डॉक्टर अशा पोरींची यादी मागतात. ती मी आणलेलीच असते.

रात्री नऊ. हायवे. कंडोम वाटताना एक नवी पोरगी विचारते, “दीदी, तपासणीचा रिपोर्ट गुरूला कळेल?”

“तुझ्या परवानगीशिवाय नाही. २०१७ चा कायदाच आहे तसा.”

पॉझिटिव्ह निघालं तरी आता सीडी४ पेशी घसरायची वाट बघत नाहीत, लगेच उपचार सुरू करतात, हेही सांगते. ती सोमवारी तपासणीला यायला तयार होते, मी सोबत असेन तरच.