संदेश दहा, आधार मात्र एकच?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम, अर्थात 'जीबीएस'चे रुग्ण अचानक वाढले. पाठोपाठ पिंपरी-चिंचवडमध्येही काही रुग्ण आढळले आणि मोबाइलवर सूचनांचा पाऊस सुरू झाला. 'चिकन बंद करा', 'रुग्णाजवळ जाऊ नका', 'नळाचे पाणी पिऊ नका'... यांपैकी खरे काय, हे ठरवायचे कसे?

एकच सूचना पाच-सहा जणांकडून आली की ती खरी वाटू लागते. मात्र संदेशांची संख्या म्हणजे साक्षीदारांची संख्या नव्हे. एकाच मजकुराच्या दहा प्रती हा एकच आधार असतो. तुलना करायची ती स्वतंत्रपणे माहिती मिळवणाऱ्यांची. प्रयोगशाळा नमुने तपासते, महापालिका पाणी तपासते आणि डॉक्टर रुग्णाला तपासतात. या तिघांचे सांगणे जुळले, तर त्यावर विसंबण्यास हरकत नाही.

चिकनचेच उदाहरण घ्यावे. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. त्याआधी अनेकदा जुलाब किंवा श्वसनमार्गाचा संसर्ग झालेला असतो. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. तो दूषित पाण्यातून, तसेच अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जाऊ शकतो. पुरेशा उष्णतेने मात्र तो मरतो. म्हणूनच पाणी उकळून प्यावे आणि अन्न पूर्ण शिजवून खावे, असा आरोग्य यंत्रणेचा सल्ला होता. 'नीट शिजवा' या सल्ल्याचे 'खाऊच नका' झाले ते पुढे पाठवण्याच्या ओघात. जीबीएस स्वतः एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचेही कारण नव्हते.

दुसरी कसोटी जागेची. पुणे शहराला प्रामुख्याने खडकवासल्यातून पाणी मिळते, तर पिंपरी-चिंचवडची मुख्य भिस्त पवना धरणावर आहे. चाकणला स्वतंत्र नगरपरिषद आहे. त्यामुळे सिंहगड रस्त्यावरील पाण्याचा अहवाल निगडीच्या नळाला लागू पडत नाही आणि निगडीचा दिलासा चाकणच्या भाड्याच्या खोलीला पुरत नाही. महापालिकेचे पाणी शुद्ध असले, तरी इमारतीची टाकी अस्वच्छ असू शकते. टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी तर त्या अहवालात येतच नाही. माहिती कोठली, कोणत्या तारखेची आणि नेमकी कशाबद्दलची, हे तीन प्रश्न विचारल्यावर बऱ्याच संदेशांचा निकाल तिथेच लागतो.

आधार परस्परविरोधी असतील, तर कोणता सल्ला चुकल्यास किती नुकसान होईल, हे पाहावे. पाणी विनाकारण उकळले, तर थोडा गॅस वाया जातो. धोक्याच्या लक्षणाकडे दुर्लक्ष झाले, तर जीव जाऊ शकतो.

म्हणूनच या पडताळणीलाही मर्यादा आहे. जुलाबानंतर काही दिवसांनी पायांतील शक्ती कमी होणे, हातापायांना मुंग्या येणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे, अशी लक्षणे दिसल्यास मोबाइल बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार लवकर सुरू झाल्यास अधिक उपयोगी ठरतात. पाळी संपेपर्यंत थांबू किंवा आधी आणखी कोणाला तरी विचारू, असे म्हणण्याची ती वेळ नव्हे.