प्रकृतीच्या हातचे पाणी

श्रावस्तीच्या वाटेवर तहानलेला भिक्खू आनंद विहिरीवरच्या मुलीकडे पाणी मागतो. मुलगी मागे सरते, ‘मी चांडाळाची पोर’ म्हणते. आनंद म्हणतो, मी जात विचारली नाही, पाणी मागितले. ही कथा आपण विहारात ऐकलेली असते. पण तिच्यावर बंगालीत नृत्यनाट्य आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

रवींद्रनाथ टागोरांनी १९३३ साली ‘चंडालिका’ हे नाटक लिहिले. १९३८ मध्ये त्याचेच त्यांनी नृत्यनाट्य केले, सगळे गाण्यांतून आणि नाचातून. आरंभी फुलवाल्या येतात, मग दहीवाला, मग बांगडीवाला. मुलीचे नाव प्रकृती. ती ज्याच्या जवळ जाईल तो दूर सरतो. बांगडीसाठी पुढे केलेला हात रिकामाच राहतो. बंगालीचा एक शब्द न कळणाऱ्या आयाबहिणींनाही तो हात कळेल.

नाशिककरांनी ही वर्षे मुद्दाम ध्यानात घ्यावीत. इथे २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच काळात आपल्या जिल्ह्यातले भीमराव कर्डक जलसा घेऊन गावोगाव फिरत होते. बाज तमाशाचा, पण बतावणीत विषय पाणवठ्याचा, देवळाचा, शिक्षणाचा. टागोरांनी ते दुःख सहृदयतेने पाहिले. जलसेकऱ्यांनी ते अंगावर झेललेले होते. फरक पडतोच.

आणि तो शेवटात दिसतो. टागोरांच्या नाटकात प्रकृतीची आई मंत्राने आनंदाला ओढून आणते, मग मंत्र मागे घेते आणि मरते. तिथेच पडदा. मूळ संस्कृत बौद्ध कथेत, ‘शार्दूलकर्णावदाना’त, प्रकृती भिक्खुणी होते. चांडाळकन्या संघात घेतली म्हणून श्रावस्तीत कुरकुर होते, तेव्हा बुद्ध पूर्वीची एक गोष्ट सांगतात. मातंगांचा राजा त्रिशंकू आपल्या मुलासाठी पुष्करसारी या ब्राह्मणाची मुलगी मागतो आणि जातीचा एकेक दावा खोडून काढतो. शेवटी ब्राह्मण मुलगी देतो! हे टागोरांनी घेतले नाही, याची मला चुटपूट लागते. कर्डकांनी ही बतावणी सोडली नसती.

टागोरांच्या मूळ लेखनावरचा स्वामित्वहक्क २००१ अखेर संपला आहे. बुद्धजयंतीला वस्तीतल्या मुलींना बांगडीवाल्याचा प्रवेश बसवता येईल. एक घागर, बांगड्यांची एक माळ पुरे. आणि त्याला जोडून त्रिशंकू-पुष्करसारीचा वाद, आपल्या ढोलकीवर.