हाताला बसेल अशी मूठ

आज बोलायचं आहे खुरप्याच्या मुठीबद्दल. तुम्ही म्हणाल, मुठीत काय एवढं सांगण्यासारखं? तर आधी आपला तळहात उघडून बघा. मधोमध घट्टा आहे ना? त्यातला निम्मा दोष खुरपणीचा, निम्मा मुठीचा. बाजारातली मूठ एकाच मापाची असते. खुरपणी मात्र बहुतेक आपणच बायका करतो, आणि प्रत्येकीचा हात वेगळा.

माझ्या अंगठ्याच्या बुडाशी दोन वर्षं कळ यायची. लेप झाले, गोळ्या झाल्या. शेवटी आमच्या गल्लीतले सुतारकाका म्हणाले, "हात नको बदलू, मूठ बदल." घरात आजेसासूबाईंच्या मोडक्या शिसवी पलंगाचा एक खूर पडून होता. त्यातून मूठ कशी केली, ते सांगते.

शिसवीचं लाकूड जड, कठीण. आत जांभळट काळसर रंग आणि त्यात काळ्या रेघांची नक्षी. पण हे झाड वाढायला फार वर्षं लागतात, आणि भरमसाठ तोडीमुळे ते दुर्मिळ झालं आहे. 2017 पासून शिसवाच्या सगळ्या जातभाईंच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. म्हणून नवं झाड नको. जुना खूर, दाराची पट्टी, झोपाळ्याचा तुकडा बघा. जुनं लाकूड पुरतं वाळलेलं असतं. ओल्या लाकडाची मूठ पुढे आकसते आणि पातं खिळखिळं होतं.

एक गोष्ट नीट ऐका. नक्षीदार लाकूड खुरपं, विळा, सुरी यांच्या आखूड मुठीला चालतं. कुऱ्हाडीला, कुदळीला नाही. जिथे नक्षी, तिथे रेषा वळलेल्या असतात, आणि घाव बसला की लाकूड तिथेच चिरतं. कुऱ्हाडीच्या दांड्याला सरळ रेषेची बाभूळ किंवा धामणच हवी. खुरप्याच्या मुठीतही रेषा लांबीच्या दिशेनेच जायला हव्यात. गाठ असलेला भाग सोडून द्या.

आता माप. एका काडीभोवती कणकेचा घट्ट गोळा लावा आणि खुरपं धरतो तसा तो मुठीत दाबा. जो आकार उमटेल, तीच तुमची मूठ. अंगठा तर्जनीच्या टोकाला जेमतेम टेकला पाहिजे. साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटर जाडी बऱ्याच जणींना पुरते. लांबी पंजाच्या रुंदीपेक्षा दोन बोटं जास्त ठेवा, म्हणजे मुठीचं टोक तळव्यात रुतणार नाही. आकार अगदी गोल नको, अंड्यासारखा लांबट हवा. गोल मूठ हातात फिरते, मग आपण ती जास्त आवळतो, आणि कळ तिथूनच सुरू होते.

भोक आधी पाडायचं, आकार नंतर द्यायचा. पात्याच्या शेपटापेक्षा भोक किंचित लहान ठेवा. तापवलेलं शेपूट नुसतं ठोकून घातलं तर वाळलेलं लाकूड तडकतं. तोंडाशी लोखंडी कडं बसवा. करवतीने कोपरे उडवा, मग कानस, मग पॉलिश पेपर. मध्ये मध्ये डोळे मिटून मूठ धरा. जिथे टोचेल तिथे पुन्हा घासा. फार गुळगुळीत करू नका, घामाने निसटते.

शिसवीचा भुसा नाकात गेला तर शिंका, खोकला येतो, काहींच्या अंगावर पुरळ उठतं. नाकाला ओढणी बांधा, अंगणात बसा. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या. शेंगदाण्याचं तेल नको, ते वाळत नाही. जवस तेलाचं फडकं मात्र चुरगाळून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, मगच टाका.

माझी कळ पुरती गेली असं नाही. पण आता संध्याकाळी भाकरी थापताना हात आखडत नाही. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर मात्र मुठीवर भागवू नका, दवाखान्यात दाखवा.

घरातलं मोडकं लाकूड चुलीत घालण्याआधी एकदा उलटून बघा, बायांनो. आणि मूठ केलीत, तर मला जरूर कळवा.