पट्टी खाली की वर?

‘लिनक्स टाकून द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी एकच विचारतो, ‘खालची पट्टी लागते का?’ समोरचा गोंधळतो. पण ज्याचा हात वर्षानुवर्षं स्क्रीनच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात जाऊन स्टार्टचं बटण दाबतोय, त्याला पट्टी वर दिली तर आठवड्याच्या आत मशीन काउंटरवर परत येतं. तक्रार ठरलेली: ‘स्लो चालतंय.’ मशीन स्लो नसतं, माणूस अडखळत असतो.

माझं दुकान सांगलीत, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगली धडधाकट मशीनं एकदम ‘जुनी’ ठरली, आणि लिनक्सचं नावही न घेणारे लोक त्याची चौकशी करू लागले. ‘लिनक्स कसं दिसतं हो?’ हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि तिथेच गाडी अडते. कारण लिनक्सला ठरलेलं एक रूप नाही.

ट्रक घेणारे कंपनीकडून चेसी घेतात आणि बॉडी आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेतात, तसा हा प्रकार आहे. लिनक्स ही चेसी. पट्टी, मेनू, खिडक्यांच्या चौकटी, फाइली बघायचा प्रोग्राम, सेटिंग्ज हा सगळा संच म्हणजे डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, आणि तो बनवणारी मंडळी वेगळी. एकाच मशीनवर दोन-तीन संच टाकून ठेवता येतात. पासवर्ड टाकण्याच्या स्क्रीनवरच आज कुठला हवा ते निवडायचं. फाइली जिथल्या तिथेच राहतात.

यातले दोन मोठे संच एकमेकांशी भांडतच वाढले. १९९६ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या मातियास एट्रिश या विद्यार्थ्याने केडीई सुरू केलं. प्रत्येक प्रोग्रामची बटणं वेगळी, मेनू वेगळे, यात साध्या माणसाचे हाल होतात, हे त्याचं दुखणं होतं. पण केडीई उभं होतं क्यूटी नावाच्या सामग्रीवर, आणि तिचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमचा घाट घातला. २००० मध्ये क्यूटीही मुक्त परवान्यात आलं, म्हणजे भांडणाचं मूळ कारण संपलं. तोवर दोन्हीकडे माणसं जमली होती, सवयी पडल्या होत्या. मग कोण कशाला एक होतंय?

खरी गंमत झाली एप्रिल २०११ मध्ये. ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि तिने जुनं घरच पाडलं. खालची पट्टी गेली, मेनू गेला, खिडकी लहान करून बाजूला ठेवायचं बटणसुद्धा गेलं. विंडोजचं चिन्ह असलेली की दाबायची, उघड्या खिडक्या पसरून समोर येतात, त्यातली हवी ती घ्यायची, हा नवा मार्ग. बनवणाऱ्यांचा विचार पक्का होता: नजर एका वेळी एकाच कामावर राहावी. वापरणाऱ्यांत मात्र बोंबाबोंब झाली. खुद्द लिनसने, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्या टोरवाल्ड्सने, ग्नोमला रामराम ठोकून एक्सएफसीई हा तिसराच संच धरला. याच गृहस्थाने आधी केडीईची चौथी आवृत्ती कच्ची निघाली म्हणून ग्नोम धरलं होतं. २०१३ मध्ये तो पुन्हा ग्नोमवर आला, वरून जोडण्या (एक्स्टेन्शन) लावून. एवढ्या मोठ्या माणसाचं हे, तर आमच्या गिऱ्हाइकांनी मन बदललं तर मी कशाला रागवू?

२०११ च्या त्या बोंबाबोंबीत अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्याने ग्नोमची दुसरी आवृत्तीच उचलली आणि पुढे चालू ठेवली. तिचं नाव माते, तिकडच्या चहासारख्या पेयावरून. लिनक्सची मिंट ही आवृत्ती काढणाऱ्या क्लेमेंट लेफेव्रने नव्या ग्नोमच्या पोटातली यंत्रणा घेऊन वर जुन्या वळणाचं तोंड बसवलं, ते सिनॅमन. मला या साऱ्या प्रकरणात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढलं तेव्हा लोक नुसते चरफडले. इथे ज्यांना पटलं नाही त्यांनी जुनी मांडणी आपल्या हातांनी जिवंत ठेवली. फुकटात होत नाही ते. कोणालातरी रोज बसून दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि हौशी माणसं थकली की संच मागे पडतो.

बँकेतून निवृत्त झालेल्यांना, शाळेच्या ऑफिसला मी डोळे झाकून सिनॅमन देतो. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, आणि तीच त्याची थोरवी.

एक ताई वकिलांसाठी खरेदीखतं टाइप करतात. मशीन ४ जीबी रॅमचं, स्क्रीन लहान. समोर जुना दस्त हवा आणि नवाही हवा. त्यांना एक्सएफसीई दिलं. त्यात खिडकीच्या वरच्या पट्टीवर माऊस नेऊन चाक फिरवलं की खिडकी गुंडाळली जाते, नुसती पट्टी उरते. उलटं फिरवलं की उघडते. जुना दस्त उघडायचा, सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा बघायच्या, गुंडाळायचा, मागचा नवा दस्त समोरच असतो, लगेच टाइप करायचं. एकदा त्यांच्या भाच्याने ‘मावशी, हे फार जुनाट दिसतंय’ म्हणून मशीनवर ग्नोम चढवून दिलं. दुसऱ्या दिवशी ताई हजर. ‘दादा, माझं गुंडाळायचं कुठं गेलं?’ देखणेपणाबद्दल अवाक्षर नाही.

भाच्याचंही चूक नाही बरं का. तो घरून प्रोग्रामिंगची नोकरी करतो. ग्नोममध्ये टचपॅडवर तीन बोटं वर सरकवली की सगळ्या खिडक्या समोर, आडवी सरकवली की पुढचा मोकळा स्क्रीन. लॅपटॉपवर इतकं सफाईदार काम मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही. ग्नोमवर माझा राग एकाच गोष्टीचा. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, आणि आपण हौसेने लावलेल्या जोडण्यांपैकी एखादी हमखास बंद पडते.

इंजिनिअरिंगच्या पोरांना केडीई लागतं. पट्टी कुठल्याही कडेला न्या, काचेसारखी करा, खिडक्या ओढताना जेलीसारख्या हलवा. महिनाभर पोरं सजवण्यातच असतात. ‘केडीई जड’ ही मात्र जुनी अफवा आहे. केडीईचं आताचं रूप, म्हणजे प्लाझ्मा, बऱ्याच मशीनांवर ग्नोमपेक्षा कमी मेमरी खातं. मला स्वतःला त्यातल्या दोन सोयी आवडतात. फाइलींच्या डॉल्फिन प्रोग्राममध्ये एफ३ दाबलं की खिडकीचे दोन भाग होतात, गिऱ्हाइकाच्या डिस्कमधला डेटा एकीकडून दुसरीकडे ओढायला बरं. आणि केडीई कनेक्ट, म्हणजे मोबाइलवरचे फोटो वायर न लावता मशीनवर. तरीही सेटिंग्जमध्ये शिरलो की कुठून आत आलो ते विसरायला होतं.

बाकीच्यांना कुठला संच घ्यावा ते मी सांगत नाही. एक्सएफसीई, सिनॅमन आणि प्लाझ्मा असलेले तीन पेनड्राइव्ह देतो. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं की मूळ डिस्कला हात न लावता लिनक्स चालतं. थोडं संथ चालतं, पण हात कुठे जातो ते कळतं. रविवारी घरी नेऊन आपलं रोजचं काम त्यावर करून बघा म्हणतो. एकच अट घालतो: पेनड्राइव्ह परत आणायचे. लिनक्स फुकट आहे, पेनड्राइव्ह नाहीत.